हाताचा रकाना

६ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं बोलणं सुरू झालं की लगेच भांडणावर येतं, म्हणून हे पत्र. पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही, तेवढंच बरं.

शेजारचे दातांचे डॉक्टर पुन्हा येऊन गेले. या वेळी हातात टेप होती. कारखान्याची भिंत मोजली, धारेच्या चाकाच्या जागी त्यांची ती मोठी खुर्ची कशी बसेल हे मला समजावून सांगितलं. बाबा तिथंच कात्रीला धार लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. डॉक्टर माणूस वाईट नाही, पण त्या टेपचा मला असा राग आला की काही विचारू नकोस. जागा तुझ्या-माझ्या नावावर करून बाबा मोकळे झाले आणि आता तुझी सही झाली की मीही फार दिवस ताणू शकणार नाही. तू मार्चअखेरपर्यंत थांबतो म्हणालास. थांब बाबा.

धंद्याचं म्हणशील तर ऑर्डरी आटल्यात. आपलं डावखुऱ्यांचं दुकान, इथली कात्री दुसरीकडे मिळत नाही, असं आपण समजून चाललो होतो. परवा ती शिंपीण आली, आपली जुनी गिऱ्हाईक. तिनं फोनमधल्या एआयला सांगितलं होतं की आपल्याच दुकानातून तशीच कात्री पुन्हा मागव. फोन म्हणे, यांच्या वेबसाइटच्या पानावर नुसते फोटो आहेत, माप नाही, किंमत नाही, माल शिल्लक आहे का ते कळत नाही. त्यापेक्षा दुसरीकडची घ्या. ती हसत सांगत होती. मला मेलीला हसू येईना. बाबांनी प्रत्येक वस्तूला बांधलेल्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून मीच तर ते पान सजवलं होतं.

लोक आता स्वतः दुकानं धुंडाळत नाहीत म्हणे. फोनमधला हा एआय एजंटच वाचतो, निवडतो आणि मागवून मोकळा होतो. तू दिवसभर ऑफिसात हेच करतोस ना, मग सांग काय करू. मला कुठं बसवत नाही. दुकानातून कारखान्यात आणि कारखान्यातून दुकानात येरझाऱ्या घालते आहे. छकुलीला पापा. माझ्यावर रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी ताई

१४ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मध्येच तोडता येत नाही हे खरं, पण उत्तर लिहिताना सगळं एकदम बोलता येतं, हा माझा फायदा.

तुझं काही चुकलेलं नाही. एजंटला फोटोतलं प्रेम दिसत नाही. त्याला रकाने लागतात: वस्तू काय, कशाची, किती लांब, वजन किती, किंमत काय, शिल्लक किती, आवडली नाही तर परत घेणार का. आमच्या गोदामात घरगुती सामानाच्या याद्या ज्या साच्यात भरतो, तो कोरा साचा सोबत छापून पाठवतो आहे, आणि तुझ्या कॉम्प्युटरवरही टाकला आहे. एकही रकाना रिकामा सोडू नकोस. आणि कृपा करून ‘सुरेख’, ‘झकास’ असलं लिहू नकोस. बाबांना तर त्या कॉम्प्युटरच्या आसपास फिरकू देऊ नकोस, नाहीतर वजनाच्या रकान्यात ‘हातात घेऊन बघा’ असं लिहून ठेवतील.

सहीचं म्हणशील तर मी शब्द पाळीन. पण ताई, मला ती जागा विकावी असं का वाटतं हे तू कधी ऐकूनच घेत नाहीस. बाबांचे हात आता थरथरतात. तू स्वतःसाठी शेवटची साडी कधी घेतलीस हे तरी आठवतंय का तुला? दुकान चालावं म्हणून तू झिजावंस हे मला बघवत नाही. बस, एवढंच. आता यावरून भांडू नकोस.

छकुली शाळेत कातरकाम शिकते आहे. घरभर कागदाचे कपटे आहेत. बाबांना साष्टांग. मन खट्टू झालं तरी पत्र पाठवत राहा.

तुझा धाकटा

५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

साडी मी तुझ्या लग्नात घेतली होती आणि ती अजून चांगली आहे. झालं उत्तर?

तुझ्या साच्यानं आम्हा दोघांच्या नाकी नऊ आणले. कात्र्या मोजल्या, सोलाणी मोजली, एका बाजूला चोच असलेल्या पळ्यांमध्ये पाणी ओतून त्यांत किती मावतं ते पाहिलं. बाबा आधी फुरंगटले होते. त्यांचं म्हणणं, वस्तू हातात बसली की कळते, ती कागदावर काय सांगायची. पण मी वजनकाटा आणून ठेवल्यावर गडी असा रंगला की जेवायला उठेना. एका कात्रीचं वजन दुसरीपेक्षा जास्त भरलं, तर तिला पुन्हा चाकावर धरून बारीक केली आणि मग मला लिहू दिलं. एकही रकाना रिकामा नाही. ‘सुरेख’ एकदाही नाही.

आणि मग काय सांगू तुला. यादी चढवली आणि ऑर्डरी यायला लागल्या. अशा लोकांकडून, की ज्यांनी आपलं नाव आयुष्यात ऐकलेलं नाही. त्यांच्या एजंटनीच आपल्याला शोधलं. आपलं पोलाद चांगलं, किंमत वाजवी, माप नीट लिहिलेलं, म्हणून आपण पहिले, असं एकीनं कळवलंसुद्धा. बाबा सकाळी माझ्याआधी कारखान्यात असतात. डॉक्टर दारात आले तर त्यांनाच म्हणाले, जरा बाजूला उभे राहा, उजेड अडतो.

तरी मला का कोण जाणे, स्वस्थता नाही. इतकं चांगलं झालं की मला धाकधूक वाटते. पण तू आता सहीचं नाव काढू नकोस. तुझ्या गोदामाला माझा नमस्कार सांग. आमच्यावर नजर ठेव, मायेची.

ताई

२२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझे फोन उचलले नाहीत, कारण बोलले असते तर रडले असते आणि तू लगेच गाडीत बसला असतास.

माल परत येतोय. आधी दोन-चार पाकिटं आली, वाटलं होतं असं कधी कधी. आता टेम्पोवालाच दारात उभा राहून विचारतो, ताई, आज आत कुठं रचू. लोकांनी चिठ्ठ्या घातल्यात. कात्री कापत नाही. पळीनं हातावर सांडलं. डबा उघडायची चावी फिरतच नाही. एकानं तर लिहिलंय की असला भिकार माल विकायला लाज वाटली पाहिजे.

बाबा प्रत्येक पाकीट उघडतात. कात्री घेतात, कागद कापतात. सरळ कापला जातो. कापड कापतात, तेही कापलं जातं. मी पळीनं ओतून पाहिलं, थेंब सांडला नाही. मग बाबा ती वस्तू टेबलावर ठेवतात आणि तिच्याकडे बघत बसतात. काल मला म्हणाले, माझ्या हाताला आता धार कळत नसेल, तुला काय वाटतं? मी नाही नाही म्हणाले. आज ते कारखान्यात गेले नाहीत. चाक बंद आहे. मला तो शांतपणा सहन होत नाही.

एजंटसुद्धा शहाणे झालेत. परत आलेला माल मोजतात म्हणे, आणि आपलं नाव खाली ढकलतात. ऑर्डरी पुन्हा थांबल्या.

तू जिंकलास असं म्हणायला हे पत्र लिहीत नाही. पण मी थकले रे. डॉक्टरांचा कागद सही करून पाठव, मी माझी करते. बाबांना मात्र हे तू येऊन सांग, माझ्याच्यानं होणार नाही. माझ्यावर पूर्वी होता तेवढा जीव ठेव, जास्त मागत नाही.

ताई

२५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

कुरिअरनं पाठवतो आहे. फोन उचलत नाहीस तर हे उभ्या उभ्या वाच, आणि आधी शेवटपर्यंत वाच.

काल संध्याकाळी आमच्याकडे एक पाकीट आलं. छकुलीला शाळेसाठी कात्री हवी होती, मी फोनला सांगून टाकलं होतं, लहान मुलीसाठी चांगल्या पोलादाची बघ. कुठून मागवली ते मी पाहिलंही नाही. सुतळीची गाठ बघितली आणि मी हातातलं सगळं ठेवून दिलं. तशी गाठ फक्त बाबा मारतात. एजंटनं तुलाच निवडलं होतं.

छकुलीनं कागद कापायला घेतला. कागद कापला गेला नाही, पात्यांच्या मध्ये दुमडून बसला. ती मला म्हणाली, बाबा, ही मोडकी आहे. मोडकी नाही गं ताई. छकुली उजव्या हातानं कापते. माझ्यासारखी.

मी यादी उघडून बघितली. लांबी आहे, वजन आहे, पोलाद आहे. डाव्या हातासाठी आहे, हे कुठंही नाही. एकाही वस्तूपुढे नाही. दुकानाच्या पाटीवर आहे, पण पाटीचा फोटो एजंट वाचत नाही. आमच्या गोदामाच्या साच्यात हाताचा रकानाच नाही, कारण तिथं सगळा माल उजव्यांचा, कुणी विचारतच नाही. आणि तुम्हाला लिहावंसं वाटलं नाही, कारण आपल्या घरात कात्री म्हणजे डाव्या हाताचीच. एजंटनं भाबडेपणानं सगळ्या उजव्या जगाला बाबांच्या कात्र्या वाटल्या. बाबांच्या धारेला काही झालेलं नाही. हे आत्ता, याच क्षणी त्यांना सांग.

माझ्या मात्र हे तुझं पत्र वाचलं तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. तो दुमडलेला कागद मी लहानपणी रोज बघितला आहे. तुम्ही तिघं, आई होती तेव्हा, एकमेकांच्या हातातून हत्यारं घ्यायचात. मी घेतलं की काहीच कापायचं नाही आणि सगळे हसायचे. प्रेमानंच हसायचे, पण मला त्या कारखान्यात हात कुठं ठेवावा हे कधी कळलं नाही. म्हणून मी तिथून निघालो. तुला वाटतं मला जागेची किंमत हवी आहे. मला ती जागा बघितली की अजून वाईट वाटतं, एवढंच आहे ते.

रात्रीच बसून तुझ्या यादीत रकाना वाढवला आहे. ‘हात’, आणि पुढं प्रत्येक ओळीत ‘डावा’. ज्यांचा माल परत आला त्यांनाही काय झालं ते लिहून पाठवलं. आता ऑर्डरी कमी येतील, पण येतील त्या तुझ्या माणसांच्या येतील. डॉक्टरांना मी स्वतः कळवलं की माझी सही मिळणार नाही. टेप त्यांनी दुसऱ्या कुठल्या भिंतीला लावावी. चाक सुरू करायला सांग. आणि आता तरी फोन उचल, एवढा लोभ पुरे.

तुझा धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. ताई लिहिते, तुला ठाऊक आहे. पण हे मी लिहायचं म्हणून तिला दुकानात पाठवलं आहे.

चाक सुरू आहे. ऑर्डरी बेताच्या आहेत, माल परत येत नाही. दोन गावांपलीकडच्या एका डावखुऱ्या माळीणबाईंनी लिहिलं की आयुष्यात पहिल्यांदा फांदी सरळ कापली. ताई ते पत्र घेऊन घरभर फिरली. डॉक्टरांनी त्यांच्या पलीकडची जागा घेतली. माझी दाढ तेच काढणार आहेत.

ताईनं मला तुझा रकाना दाखवला. ‘हात’ म्हणून बोट ठेवलं की खाली दोन शब्द येतात, डावा आणि उजवा. डाव्यापुढे आपला सगळा माल. उजव्यापुढे काही नाही. मी बराच वेळ ते रिकामं बघत होतो.

एक कात्री केली आहे. उजवी. सगळं उलटं धरून करावं लागलं, हाताला वळण नाही, दोन कात्र्या वाया गेल्या. तिसरी बरी दिसते. पण कापते की नाही ते मला सांगता येत नाही. ताईलाही येत नाही. या घरात ती तपासू शकेल असं माणूस नाही, आणि मला ती बाहेरच्या कुणाच्या हातात द्यायची नाही.

ताई म्हणाली यादीत घालू का. मी नको म्हटलं. यादीत घातली तर तू फोनला सांगशील आणि तो घेऊन येईल. ती पाठवायची नाही. तुला येऊन धरून बघावी लागेल. कागद दुमडला तर मी परत चाकावर घेतो, तू शेजारी बस आणि सांग कुठं अडते. छकुलीलाही आण, तिची लहान करायची आहे, बोटांचं माप हवं.

लवकर ये. बाकी जीव आहेच.

बाबा