ठिपका वरच राहू द्यावा

मी, बाजाबुलिले न्त्शांगासे, वय एकाहत्तर, सरकारी प्रसूतिगृहातून निवृत्त झालेली सुईण, राहणार एशोवे, टेकडीवरचे हिरव्या पत्र्याचे घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. दुपारच्या औषधाने झापड येते आणि मला जन्मलेली बाळे रांगेने दिसू लागतात, म्हणून सगळे सकाळीच लिहीत आहे. कोणी गळ घातलेली नाही, कोणी धाक दाखवलेला नाही. तीन वर्षांपूर्वी रागाच्या भरात केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. बचतीतून माझी माती करावी. मातीच्या जेवणाला एकच गाय कापावी. दोन कापून शेजाऱ्यांवर छाप पाडायला मी तेव्हा नसेन.

२. पोटावर टेकवून बाळाचे ठोके ऐकायची माझी लाकडी नळी प्रसूतिगृहातल्या सर्वांत नव्या परिचारिकेला द्यावी. ती हसेल. हसू द्यावे. वीज गेली की तिला कळेल.

३. माझा मुलगा म्बुसो सात वर्षांपूर्वी काचेची पेटी घेऊन आला आणि "आई, दोन आठवडे सांभाळ," म्हणून परदेशी गेला. पेटीत लांगा होती. लांगा म्हणजे पिवळ्या अंगावर काळे ठिपके आणि जाड शेपटी असलेली पाल, लेपर्ड गेको. आमच्या लोकांत पालीला घरात थारा नाही, कारण माणसाला मरणाचा निरोप पहिल्यांदा तिनेच आणला असे आजी सांगायची. मीही पहिला आठवडा पेटीवर चादर टाकून काढला. मग एका दुपारी चादर सरकली, तेव्हा ती पापण्या मिटून, हनुवटी दगडावर टेकून झोपलेली दिसली. भिंतीवरच्या साध्या पालींना पापण्याच नसतात. जिला डोळे मिटता येतात तिची मला भीती वाटेना.

म्बुसोला मी माझी घड्याळे, त्याच्या वडिलांचा कोट आणि ते दोन आठवडे देते. त्याने येऊन या घरात मोजून चौदा दिवस राहावे. फोनवर तो म्हणाला होता, "देऊन टाक ना कोणाला तरी. पालच आहे ती." म्हणून ही अट.

४. आता मुख्य गोष्ट. लांगासाठी मी नंतर आणलेला नर जुलैत, आमच्याकडच्या हिवाळ्यात, थंडीने गेला. तरी सप्टेंबरच्या अकरा तारखेला तिने ओल्या शेवाळाच्या डब्यात रात्रभर उकरून दोन अंडी घातली, आणि चार ऑक्टोबरला आणखी दोन. मादी नराचे बीज अंगात जपून ठेवते. माझा नवरा गेल्यावर मला असे काही जमले नाही, याचे तिला पाहून वाईट वाटले आणि बरेही वाटले. प्रकाशासमोर धरल्यावर चारही अंड्यांत लाल रेघा दिसतात. जीव धरला आहे. पहिली दोन नोव्हेंबरात फुटतील. नोव्हेंबर धरून चालू नका, असे डॉक्टरांनी मला सांगितले आहे.

म्हणून माझ्यामागे हे घर, बाग आणि लांगा माझी धाकटी बहीण झिबुयिले हिला मिळावे. तिच्यानंतर घर म्बुसोचे.

हे वाचून म्बुसो चकित होईल, तर कारण लिहिते. तीन वर्षांपूर्वी माझ्या कमरेचे ऑपरेशन झाले, तेव्हा झिबुयिले गावाहून घर सांभाळायला आली. तिने आयुष्यभर कोंबड्या पाळल्या. उबवणीच्या पेटीत लांगाची आठ अंडी होती. कोंबडीवाले करतात तसे तिने प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला, आणि रोज सकाळ-संध्याकाळ मायेने ती उलटली. कोंबडीचे अंडे न उलटले तर पिल्लू कवचाला चिकटते. पालीचे उलटले तर पिल्लू आतच गुदमरते. मी घरी आले तेव्हा आठही खचलेली होती आणि त्यांवर बुरशी होती. झिबुयिले दारात हसत उभी होती. "बघ ताई, एकदासुद्धा चुकवलं नाही," म्हणाली.

मी म्हणाले, "तुझ्या हातात जीव टिकतच नाही."

तिची दोन्ही बाळे मेलेली जन्मली होती. दोन्ही वेळा सुईण मीच होते. तिने पिशवी भरली आणि पुढची तीन वर्षे आम्ही बोललो नाही. जुन्या मृत्युपत्रासारखे ते वाक्यही मी आज रद्द करते. ते माझ्या तोंडून गेले, ते खोटे होते, आणि मला ते तेव्हाही माहीत होते.

मी आजारी आहे हे कळल्यावर ती गेल्या महिन्यात आपणहून आली. स्वयंपाक करते, मला आंघोळ घालते, पेटीच्या खोलीत जात नाही. परवा दुपारी औषधाच्या गुंगीतून मी डोळे उघडले. बाहेर धुके होते आणि उघड्या दारातून ती पलीकडच्या खोलीत उबवणीच्या पेटीसमोर उभी दिसली. दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरलेले. कितीतरी वेळ नुसती बघत होती. मी पुन्हा डोळे मिटून घेतले.

झिबुयिले, प्रत्येक अंड्यावर मी पेन्सिलीने ठिपका काढला आहे. तो वरच राहू दे. उष्णता अठ्ठावीसवर ठेव, झाकण आठवड्यातून एकदाच उघड. कवच चिरले की पिल्लू नुसते डोके बाहेर काढून कितीतरी तास पडून राहील. त्याला ओढू नकोस. बाळंतपणात आपण बायका घाई करत नाही, तशी ही पिल्लेही करत नाहीत. पहिली कात ते स्वतःच खाईल, त्यानंतर बारीक किडे दे, कॅल्शियमची पूड लावून. लांगालाही पूड जास्त दे, अंड्यांनी तिची हाडे रिकामी होतात. हे सगळे तुझ्या हातून नीट होईल.

५. साक्षीदार म्हणून शेजारच्या श्रीमती झ्वाने आणि दुकानदार श्री. म्पुंगोसे यांना बोलावले आहे. दोघेही पालीच्या घरात पाऊल टाकणार नाहीत, म्हणून सह्या व्हरांड्यात होतील. झिबुयिले स्वयंपाकघरात भांडी आपटते आहे. सकाळी तिने विचारले, "मला लिहिता येतं ना? मग शेजारणीला कशाला बोलावलंस? अजून तुझ्या कागदाला माझं नाव चालत नाही?" मी कागद पुढे ओढून लिहू लागले. ती रडली असावी.

झिबुयिले, जो साक्षीला सही करतो त्याला वारसा मिळत नाही, असा इथला कायदा आहे. म्हणून तुला सही करू दिली नाही.

सही: बा. न्त्शांगासे

आम्हां दोघांच्या देखत, व्हरांड्यात, सही झाली:
१. एन. झ्वाने
२. टी. म्पुंगोसे

एशोवे, सोमवार, ९ ऑक्टोबर २०२३