भुक्कडच्या पोटापाण्याची तजवीज

मी, खाली सही करणारा, वय सत्याहत्तर, धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर राहून करत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं माझा थोरला मुलगा चारचौघांत सांगत फिरतो. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. माझ्या काचेच्या टाकीत एक न्यूट आहे. बेडकासारखाच उभयचर, दिसायला पालीसारखा, पाण्यात राहणारा जीव. त्याचं नाव भुक्कड. पूर्वी दोन होते. दुसरीचं नाव जाडी. माझी बायको तिला चिमट्याने गांडूळ भरवायची. शेवटच्या आजारात बायकोला स्वतःला घोटभर पाणी जात नव्हतं, तरी "जाडी जेवली का?" हे ती रोज विचारायची.

२. न्यूट कात टाकतो आणि स्वतःच ती गिळतो. मी इस्पितळात असताना सूनबाईंनी जाडीच्या तोंडातून लोंबणारा कातीचा पंजा पाहिला आणि घर डोक्यावर घेतलं. "अहो, हिने त्याला खाल्लं!" आमच्या शूर चिरंजीवांनी लगेच खुनी जाडीला गटारात ओतलं. थोड्या वेळाने मयत भुक्कड दगडाखालून बाहेर आला आणि जेवण मागू लागला. मला सांगताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, पालच ती. दुसरी आणू. बरं, घराचं काय ठरवलंत?" अक्कल गहाण टाकलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण ही माझ्या पोटची निघाली याची लाज वाटते.

३. घराचं हे ठरवलं. राहतं घर, टाकी आणि भुक्कड धाकट्या मुलीला.

४. थोरल्याला दुकानाच्या काचेतली नमुन्याची मोठी बत्तीशी. ती तरी तोंड उघडून गप्प बसते. सूनबाईंना काही नाही.

५. धाकटी शहाणी आहे असं कुणी समजू नये. आई गेल्यावर ती आईच्या कपाटावरून भावाशी भांडली आणि घरी येणंच टाकलं. मी मध्ये बोललो नाही म्हणे. मी जेवत होतो.

६. तिच्यासाठी सूचना: दोन दिवसांआड दोन बारीक गांडुळं, बस्स. हा हावरट काचेला नाक लावून सात जन्मांचा उपाशी असल्याचं सोंग करतो, विरघळू नये. माशांचं सुकं खाद्य देऊ नये. उरलंसुरलं लगेच काढावं, नाहीतर पाणी नासतं. गांडुळाला हात लावताना 'ई' करू नये. आई करत नव्हती.

७. या कागदाची एक प्रत वकिलांनी धाकटीला आजच पोचवावी. मरेपर्यंत थांबू नये. बाई गं, माझा हात आता कापतो. चिमट्यातलं गांडूळ टाकीबाहेर पडतं, मला खाली वाकवत नाही आणि भुक्कड तसाच राहतो. थोरल्याला मी बोलावणार नाही. मी मेल्यावर येऊ नकोस. गुरुवारी ये.

ठिकाण: अजून माझ्याच मालकीचं स्वयंपाकघर
दिनांक: ३ मार्च, मंगळवार

सही (वाचता येत नसेल तर कारण कलम ७ मध्ये दिलं आहे)

साक्षीदार, दोघांनाही यातून कवडी मिळणार नाही:
१. तळमजल्यावरचा न्हावी
२. शेजारच्या निवृत्त नर्सबाई. सही करण्यापूर्वी त्यांनी डोळे पुसले. त्याला माझी हरकत नाही.