सणाच्या दिवशी धुतलेलं इंजिन

आये, तुझ्या नातवाने काल टेम्पोचं इंजिन पाण्याने धुवून घेतलं. वालीवला एका सर्व्हिसिंगवाल्याकडे टेम्पो उभा केला, बॉनेट उघडलं, आणि भिंतीवरचं शेवाळ काढावं तसा पंपाचा फवारा थेट आत सोडायला लावला. सकाळी निघताना मी त्याला टोकलं होतं. "आत्या, तुझ्या वेळची इंजिनं गेली. हल्लीच्यांना पाण्याने काही होत नाही," असं म्हणून हसत गेला. संध्याकाळी मी बोळिंजच्या आमच्या गॅलरीत उभी, तर खालून एका रिक्षामागे दोरीने बांधलेला टेम्पो ओढत आणताना दिसला. मी विचारलं, "ही दोरी कसली, शोभेची?" तर म्हणतो, सेन्सर गेला. सेन्सर जाईल नाहीतर काय करील, बिचारा! मला राग सेन्सरचा नाही. ज्या गोष्टीपायी तू भर सणात अख्ख्या बंदराशी वाकडं घेतलंस, ती तुझ्याच घरात कुणाला ठाऊक नाही, याचा राग आहे. सांगणारी मी एकटी उरले आहे, आणि माझं तोंड तिखट म्हणून माझं कुणी ऐकत नाही. म्हणून तुला लिहायला बसले.

तेव्हा पाचूबंदरावर बायांचा ट्रक म्हटलं की लोक हसायचे. त्याआधीची सकाळ मला आठवते. तू आणि तुझ्या सोबतिणी मासळीच्या पाट्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेल्या असायच्या. मुंबईला माल नेणारी गाडी एकाच व्यापाऱ्याची. आधी त्याचा स्वतःचा माल चढायचा, मग त्याच्या ओळखीच्यांचा, आणि उरलेल्या जागेत तुमच्या पाट्या. तोवर बर्फ वितळून पाणी वाहायला लागायचं आणि पापलेटाचे डोळे पांढरे पडायचे. एकदा तू त्याला म्हणालीस, "शेट, आमची मासली काय ऊन खायाला आली हाय काय इथं?" तो म्हणाला, "मग घ्या तुमची गाडी." त्याने टोमणा मारला, तुम्ही गाडी घेतलीत. जुनी, डिझेलची, दरवाजा दोरीने बांधलेली. घरोघरच्या बायांनी अंगावरचं मोडून ती घेतली. व्यापारी चहाच्या टपरीवर बसून सांगायचा, बायांची गाडी आहे, बंद पडू द्या, भंगारात मीच घेतो. ती बंद पडली तर पुन्हा रस्त्याच्या कडेला बसायचं, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि तो तुम्हा सगळ्यांना कळत होता.

तू गाडी चालवायला कधी शिकली नाहीस. त्यासाठी ड्रायव्हर होता. पण गाडी गॅरेजमध्ये गेली की तू तिथे ठाण मांडून बसायचीस, डोक्यावरून पदर घेऊन, एखाद्या आजारी माणसाच्या खाटेशी बसावं तशी. एका वेळी दुसऱ्याच कुणाचा तरी ट्रक तिथे उघडलेला होता आणि त्याच्या आतला एक जाड लोखंडी दांडा वाकून बाहेर पडलेला होता. पुरात गाडी घातली, हवेच्या वाटेने पाणी आत शिरलं आणि ड्रायव्हरने तशीच चालू केली, असं तुला कळलं. घरी आलीस ती विचारातच. मी अभ्यासाला बसले होते. "तुझ्या शालेत पान्याबद्दल काय शिकवतात गो?" तू विचारलंस. मी शाळेतल्या सिस्टरने घोकून घेतलेलं वाक्य म्हणून दाखवलं, की हवा दाबली तर दबते, पाणी दबत नाही. तू भाकरी थापता थापता थांबलीस. दोन्ही तळव्यांमध्ये पिठाचा गोळा होता. म्हणालीस, "म्हंजे आत हवा असली तर दांडा तिला चेपतो. पानी असला तर पानी दांड्याला चेपतो." मी ते वाक्य परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, चांगले गुणही मिळवले होते. ते कशाबद्दल आहे हे मला त्या दिवशी आपल्या चुलीपाशी कळलं. कॉन्व्हेंटच्या सिस्टर मला आवडायच्या, पण हे श्रेय मी त्यांना देणार नाही.

त्या दिवसापासून तुझा कायदा झाला. गाडीच्या मागच्या हौद्यावर हवं तेवढं पाणी ओता, बॉनेट उघडून मात्र थेंब नाही. इंजिन पुसायचं ते रॉकेल लावलेल्या फडक्याने. मुंबईहून आलेल्या तापल्या इंजिनावर गार पाणी मारलं तर लोखंड तडकतं, हेही तू कुठून तरी ऐकून आलीस आणि ड्रायव्हरच्या कानीकपाळी ओरडत राहिलीस.

मग सण आला. आपल्याकडे चर्चमधल्या सणाच्या मिस्सेनंतर फादर बंदरावर येऊन होड्यांना आशीर्वाद द्यायचे, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच होड्यांच्या रांगेच्या टोकाला तुमचा ट्रक उभा राहणार होता. तुम्ही सगळ्या नवी लुगडी नेसून चर्चला गेलात, तुझ्याबरोबर मीही. इकडे काकाने, म्हणजे तुझ्या धाकट्या दिराने, प्रेमाने ठरवलं की वहिनीची गाडी आरशासारखी करायची. तो होडीवाला माणूस. त्याने आणि त्याच्या खलाशांनी समुद्राच्या पाण्याच्या बादल्या भरून आणल्या, बॉनेट उघडलं, हवेच्या नळीवरचं झाकणसुद्धा काढलं, म्हणजे आतूनही लख्ख होईल, आणि ओतलं पाणी!

आपण परत येतो आहोत. दुरून ट्रक दिसतो आहे, झेंडूच्या माळा, कागदी पताका, आणि पुढच्या चाकांखाली थारोळं. काका ड्रायव्हरच्या जागेवर चढलेला, किल्ली हातात. तू पळतेस. मी तुला त्याआधी किंवा त्यानंतर कधीही पळताना पाहिलेलं नाही. तू दरवाजातून हात घालून त्याच्या मनगटाला धरतेस.

"किल्ली दे."

"वयनी, चालू करतंय, म्हंजे सुकल."

"चालू केलीस तर तुझा हात मोडीन. किल्ली दे."

"अगो, माझा मशीन रातदिस दर्यात असतो. त्याला काय होत नाय नि तुझ्या गाडीला काय सर्दी होल?" खलाशी खो खो हसले.

"तुझा मशीन दर्यात नसतो, होडीत असतो," तू म्हणालीस. "होडीत पानी शिरला का काय करतंस? मशीन भिजवत बसतंस का पानी उपसतंस?"

काकाचं हसू तिथेच मावळलं. किल्ली तुझ्या हातात आली. पण तोवर फादर, क्रूस धरलेली मुलं आणि बँडवाले येऊन पोचले होते. होड्यांची रीत अशी होती की आशीर्वाद झाला की भोंगा वाजवत एक फेरी मारायची. फादर हसून म्हणाले, "बाय, एक छोटीशी फेरी होऊ दे. लोक वाट बघताहेत." सगळं बंदर बघत होतं. व्यापारी तर अगदी पुढे येऊन उभा होता. तुझ्या सोबतिणीही कुजबुजल्या, जाऊ दे गो, एकच फेरी, फादरचा मान राहील. फादरना नाही म्हणणारी बाई मी त्यापूर्वी पाहिली नव्हती. तू पदर सारखा केलास, त्यांच्यापुढे गुडघा टेकलास, आणि उठून म्हणालीस, "फादर, आशीर्वाद उभ्या गाडीला पन लागतो."

फादरनी मान डोलावली. मग त्यांनी पवित्र पाणी शिंपडलं, आणि मला अजून बरं वाटतं की ते बॉनेटच्या बाजूला न शिंपडता मागे हौद्यावर शिंपडलं. बँड पुढे गेला. व्यापारी मोठ्याने म्हणाला, "बायांची गाडी फुलं घालून उभी करायलाच बरी." काकाने मान खाली घातली. तू त्याला सगळ्यांसमोर एक शब्द अधिक बोलली नाहीस. फक्त ड्रायव्हरला ती हवेची नळी सोडवून वाकडी करायला लावलीस. तिच्यातून भळाभळा पाणी पडलं, खारट, वाळूसकट. ते बघायला सगळे वाकले. मग तुम्ही सणाचं जेवण सोडून, नवी लुगडी खोचून, विहिरीच्या गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्यांनी बाहेरचं मीठ पुसत बसलात. काकाही बसला, पाट्यावाल्या बायांच्या ओळीत, फडकं घेऊन.

दुसऱ्या दिवशी वसईहून मिस्त्री आला. त्याने डिझेल फवारणारे नॉझल काढून इंजिन हाताने फिरवलं, तेव्हा भोकांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडाल्या. तेल बदललं. स्टार्टर मात्र मिठाने खाल्ला होता, तो हूं की चूं करेना. संध्याकाळी होड्या मासळी घेऊन लागणार होत्या. धक्का मारून बघू, मिस्त्री म्हणाला, लागली तर लागली. तुम्ही सगळ्या मागे उभ्या राहिलात. मी शाळेच्या गणवेशात, तुझ्या शेजारी. पुरुष मदतीला येत होते, तू "ऱ्हवा बाजूला" म्हणालीस. ट्रक हलला, रस्त्याच्या उताराला लागला, दोन गचके दिले, काळा धूर आमच्या तोंडावर सोडला आणि धडधडायला लागला. त्या संध्याकाळी तुमच्या पाट्या सगळ्यांच्या आधी मुंबईच्या वाटेला लागल्या, आणि पुढे कितीतरी वर्षं लागत राहिल्या. माझी फी, भावाचं लग्न, हे सगळं त्याच हौद्यातून आलं.

मी ही गोष्ट नोकरीत असताना टेलिफोन एक्सचेंजमधल्या मुलींना सांगायचे, तेव्हा नेहमी म्हणायचे की माझ्या आईला पक्की खात्री होती. तिने ओळखलं होतं, गाडी चालणार. ऐकणाऱ्यांना ते आवडायचं. पण धक्का देताना सगळ्यांचं लक्ष ट्रककडे होतं आणि माझं तुझ्याकडे. तू डोळे गच्च मिटले होतेस. ओठ पुटपुटत होते. ट्रक सुरू होऊन पुढे निघून गेला तरी तुझे हात तसेच पुढे पसरलेले होते आणि तू रिकाम्या हवेला ढकलत दोन पावलं गेलीस. तुला काहीच खात्री नव्हती, आये. तरी तू काकाच्या हातून किल्ली घेतलीस आणि फादरना नाही म्हणालीस.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तुलाही सांगितलं नाही, आणि हे पत्र पोचवायची सोय असती तरी पोचवलं नसतं. तू फटकन म्हणाली असतीस, "खोटा बोलतंस, माझे डोले उघडेच होते." आणि मी, जिने आयुष्यभर कुणाचं ऐकून घेतलं नाही, ते मुकाट्याने मान्य केलं असतं.