डाव्या बाजूचा पहारा

पोर्ट ओबेर, रविवार, २८ एप्रिल

कॉर्डेल,

कसा आहेस? खांदा कसा आहे? तुझ्या आईला माझी आठवण सांग. आमच्याकडे सगळी बरी आहेत. ममाचे गुडघे दुखतायत, पण गुरुवारपासून ती नाचतेच आहे, गुडघ्यांचं ऐकतंय कोण!

सहावा. तुला कळलंच असेल. व्यावसायिक संघांच्या निवडीत देशभरच्या पोरांतून माझं नाव सहावं पुकारलं. अंगणात सगळं गाव लोटलं होतं. दलदलीतल्या झिंग्यांची चार पोती मका-बटाट्याबरोबर उकडून टेबलांवर ओतली होती. टीव्हीवर माझं नाव आलं तेव्हा ओडेल मावशीचं तोंड भरलेलं होतं, तशीच ओरडली. मग विचारते कशी, "का रे, हा मुलगा चेंडूला कधी हातसुद्धा लावत नाही. मग एवढे पैसे कशाचे?"

रोलँड मामा म्हणाला, "अगं, फेकणाऱ्याच्या अंगावर कुणी येऊ नये म्हणून हा आडवा उभा राहतो."

"म्हणजे भिंत."

"भिंत परवडली. भिंतीला खायला लागत नाही."

सगळे हसले. मीही हसलो. मग ममानं विचारलं, "कॉर्डेल का नाही रे आला?" मी म्हटलं, त्याला बरं नाही. सगळ्यांनी मान डोलावली आणि पुन्हा झिंगे सोलायला लागले.

नोएला कशी आहे, हे विचारायचं नाही असं ठरवून बसलो होतो. विचारलं. जाऊ दे. अजून तिच्या घरावरून जात नाही मी, लांबच्या रस्त्यानं जातो. एवढा मोठा देह आणि एका मुलीच्या घरावरून जायची भीती! तिचा दोष नाही. मी तिला कधी बोललोच नव्हतो. तीन वर्षं फक्त तिच्या मागच्या बाकावर बसत होतो. पण तुला बोललो होतो ना रे! रात्र रात्र तुझ्यापुढे तिचंच पुराण लावलं होतं. तू ऐकून घेतलंस, आणि मग ते तुमचं जुळलं. तूही सांगितलं नाहीस, तिनंही नाही. मला कळलं नाश्त्याच्या रांगेत, मागे उभ्या असलेल्या एका पोराकडून. सामन्याच्या दिवशी सकाळी. "तुला माहीत नव्हतं?" असं वर त्याचंच तोंड वासलेलं.

तो सामना १४ ऑक्टोबरचा.

तीनदा हे पान फाडलंय. आता फाडणार नाही.

चेंडू फेकायला तू हात मागे नेतोस तेव्हा तुझी पाठ डावीकडे होते. तिकडून कोण येतंय ते तुला दिसत नाही. ते मी बघायचं, एवढंच माझं काम. तिसऱ्या सत्रात त्यांचा नव्वद नंबरचा गडी वेग घेऊन आला. मला तो दिसला होता, कॉर्डेल. माझं पाऊल घसरलं नाही. मी त्याच्याकडे बघितलं आणि आत सरकलो. वाट दिली. बसू दे एक दणका, एवढंच मनात होतं. एकच दणका. तुझा हात तेव्हा मागे होता. खांदा निखळल्याचा आवाज मी ऐकला. सगळं स्टेडियम ओरडत होतं, तरी ऐकला.

सोमवारी सगळ्यांना बसवून चित्रफीत दाखवली. कोचनं विचारलं, "हे काय झालं?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "आयत्या वेळी मी ओरडून खूण बदलली, कोच. चूक माझी. एवढ्या गोंगाटात थर्लोला ऐकू जाणार कसं?" तू कसलीही खूण बदलली नव्हतीस. हात गळ्यातल्या झोळीत, औषधांनी डोळे जड, आणि तू पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होतास. तुला कळलं होतं. नोएलाच्या बदल्यात तू मला काहीतरी देऊन टाकतोयस, असं मला वाटलं, आणि खरं सांगू? त्याचासुद्धा मला रागच आला. म्हणून गप्प बसलो.

त्यानंतर मी कॉलेज सोडलं, निवडीला नाव दिलं. तुझंही होतं. फेब्रुवारीत चाचण्या झाल्या. एका खोलीत संघांची पाच माणसं होती. त्यातल्या एकानं तुझं नाव घेऊन विचारलं, "खांदा भरून येईल म्हणतात. पण हा मुलगा ऐनवेळी चुकीच्या खुणा देतो का?" तेव्हा तरी बोलायचं होतं. मी म्हटलं, "मला ऐकू आलं नव्हतं, सर." त्यांनी लिहून घेतलं.

काल शेवटची फेरी संपली. तीन दिवस मी टीव्हीपुढून हललो नाही. दोनशे सत्तावन्न नावं पुकारली, तुझं नाही.

काल संध्याकाळीच माझ्या नव्या संघाच्या कोचला फोन केला. सगळं सांगितलं. म्हटलं, मला ठेवू नका हवं तर, पण कॉर्डेल गिल्यारला एकदा बोलवा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हसला.

"पोरा, ती फीत मी चाळीसदा बघितलीय. तुझं डोकं त्या नव्वद नंबरकडे वळलेलं दिसतं. आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"मग घेतलंत कशाला?"

"तुझी पावलं बघून घेतलं. आणि राग बघून. राग आम्हाला चालतो, फक्त समोरच्यावर काढ. हे आणखी कुणाला बोललास?"

"नाही."

"शाबास. गप्प राहा. सही करायला गुरुवारी ये."

म्हणजे मी जे सहा महिने उरावर घेऊन फिरलो, त्याची तिथे कुणाला पडलेलीच नाही. मला सोडणारही नाहीत आणि तुला बोलावणारही नाहीत. मी सही करणार आहे, तेही सांगून टाकतो. ममाला नाही म्हणायची छाती नाही माझ्यात.

पण निवड न झालेल्यांना काही संघ येत्या पंधरवड्यात पारखायला बोलावतात. म्हणून हे नीट लिहितो:

मी, थर्लो जेम्स बॅटिस्ट, लिहून देतो की १४ ऑक्टोबरच्या सामन्यात कॉर्डेल गिल्यारनं दिलेली खूण बरोबर होती. त्यानं ती बदलली नाही. मला ती स्पष्ट ऐकू आली. समोरच्या खेळाडूला मी जाणूनबुजून सोडलं. नंतर विचारलं तेव्हा खोटं बोललो.

हे कुठल्याही संघाला दाखव, पेपरात दे. माझं काय होईल याचा विचार तू करू नकोस, तो तू एकदा केलास तेवढा पुष्कळ झाला. आणि दाखवायचं नसेल तर नको दाखवूस, पण मला वाचवण्यासाठी म्हणून ठेवून घेऊ नकोस. तेवढं मला सोसणार नाही.

शेवटी 'तुझा' लिहायची सवय आहे. आज हात धजत नाही.

थर्लो बॅटिस्ट