कोन फिरतोय

३ मार्च
सकाळी निरोप आला. उपग्रहावरच्या दुर्बिणीला आमच्या ब्लेझारकडून गॅमा किरणांचा भडका दिसलाय — नेहमीच्या वीसपट. चहा तसाच राहिला. एका दीर्घिकेच्या पोटात कृष्णविवर, त्याच्याजवळून सुटलेला झोत, आणि झोताचं तोंड नेमकं आपल्याकडे. हा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर गवताचं पातंही नव्हतं.

४ मार्च
इथल्या आमच्या दुर्बिणीतून ध्रुवीकरणाचा कोन मोजला. ४० अंश. म्हणजे तो प्रकाश कुठल्या दिशेने थरथरतोय ते.

५ मार्च
७२. सरकतोय! एरवी महिनोन् महिने जागचा हलत नाही. तीनदा मोजला.

६ मार्च
११८. मोठ्या सरांचं म्हणणं, झोतातलं चुंबकीय क्षेत्र मळसूत्रासारखं पिळलेलं आहे आणि भडका त्यातून गरगरत पुढे येतोय. लेख लिहायलाही बसले. मला म्हणाले, "एकही रात्र सोडू नकोस." खरंच आहे. हा कोन एकशेऐंशी झाला की पुन्हा शून्यापासून सुरू होतो. मध्ये खंड पडला तर पुढे गेला की मागे आला, कळायला मार्ग नाही.

७ मार्च, दुपार
ताईचा फोन. बाबांना दवाखान्यात नेलंय, छातीत दुखतंय. "तुझं नाव घेतायत," एवढंच बोलली. दुर्बिणीच्या घुमटाखाली किल्ल्या धरून नुसती उभी राहिले. घुमटाची मोटर सांभाळणारे मिस्त्रीकाका तेल घालत होते. वर न बघताच म्हणाले, "जा तू. बावीस वर्षं तुमच्या पाठीमागे उभा राहून बघतोय. एक रात्र मला जमेल."
गेले.

८ मार्च
बाबांचा धोका टळलाय. नाकात नळी, तरी पहिला प्रश्न, "काय दिसलं?" सांगितलं, दिसतो नुसता ठिपका. पण प्रकाशाची थरथर मोजली की तिथलं फिरणं कळतं. बाबांनी छताकडे बघितलं. मग म्हणाले, "इतक्या लांबून आला आणि वाटेत काही विसरला नाही."
अंधार पडता पडता परतले. वहीत काकांच्या अक्षरात १६४. खात्रीसाठी चारदा मोजलेला. आज माझा ३२ आला — म्हणजे एकशेऐंशी ओलांडून २१२. काकांचा आकडा नसता तर मागे आला असंच धरून चालले असते.

११ मार्च
कोन उलटा फिरला. काल १९०, आज १५१. मळसूत्रात फिरणं एकाच दिशेने हवं, त्यात हे बसत नाही. मोठ्या सरांनी लेखावर आडवी रेघ मारली. "मग तिथे चाललंय काय?" मी विचारलं.
"माहीत नाही," म्हणाले. इतक्या आनंदाने हे म्हणताना मी कुणाला ऐकलं नव्हतं.