आत्याच्या वळणावर

अहमदनगर,
२० एप्रिल १९९७

प्रिय मनू,

तुला आणि सहादेवरावांना जय भीम. वहिनीचं एवढं जाड पाकीट बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदाच सांगते, इथे सगळे बरे आहेत. आईंचे गुडघे दुखतात, पण तोंड चालू आहे. तुझ्या दादांची नागापूरची कंपनी मध्ये बंद होती, ती सुरू झाली. प्रज्ञाची चौथीची परीक्षा संपली. लिहायचं आहे ते तिच्याबद्दलच.

ती मोठी होताना तू तिला जवळून फारसं पाहिलेलं नाहीस. शाळेतून निघालेली पोर कधी घरी येईल याचा भरवसा नसतो. वाटेत कुणी भांड्यांना कल्हई करत बसला असेल, तर ही तिथेच उभी. डबा, स्वेटर, पट्टी, सगळं कुठे ना कुठे विसरून यायची. तोंडी गणित पटकन सांगायची आणि वहीत तेच अर्ध्यावर सोडून खिडकीबाहेर बघत बसायची. गेल्या वर्षीच्या बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "नाव प्रज्ञा आणि डोक्यात भुसा." वर्ग हसला. तेव्हापासून रोज सकाळी हिच्या पोटात दुखायला लागलं. आईंनी बदाम भिजवून घातले, मी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. तुझ्या दादांनी एकदा मारलं आणि मग स्वतःच ओट्यावर जाऊन बसले, रात्री जेवले नाहीत. घरात एकच वाक्य सारखं ऐकू यायचं, पोरगी आत्याच्या वळणावर गेली. हे तुला लागेल, पण खरं ते लिहिते.

यंदा गाडेकर बाई वर्गावर आल्या. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "हिच्यावर ओरडून उपयोग नाही. पुण्याच्या एक डॉक्टर बाई महिन्यातून एकदा नगरला येतात, त्यांना दाखवा." तुझे दादा आधी भडकले, माझी लेक वेडी आहे का म्हणाले. पण गेलो. आईसुद्धा हट्टाने बरोबर आल्या.

डॉक्टर बाई प्रज्ञाशी कितीतरी वेळ बोलल्या, तिच्याकडून चित्रं जुळवून घेतली, गोष्ट सांगून परत विचारली. मग तिला बाहेर बसवून आम्हाला म्हणाल्या, "मुलीची बुद्धी उत्तम आहे. तिचं लक्ष एका जागी टिकत नाही, इतकंच. याला अटेन्शन डेफिसिट म्हणतात. हा आळस नाही, हट्ट नाही आणि तुमच्या वळण लावण्यात कसर राहिली असंही नाही. दंगा करणारी मुलं लगेच नजरेत येतात. मुली गप्प बसून हरवतात, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही." मग त्यांनी विचारलं, हे पुष्कळदा घराण्यात असतं, तुमच्याकडे आणखी कुणी असं आहे का?

मी खाली मान घातली. तुझे दादा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. आई म्हणाल्या, "हाय की. माझी मनी."

आणि मग त्या बोलतच सुटल्या. तू शेळ्या रानात सोडून एकटीच घरी कशी आलीस, एका पायात एक आणि दुसऱ्यात दुसरीच चप्पल घालून बाजारात कशी गेलीस, सातवीत तुझं नाव शाळेतून कसं काढलं. "मारून मारून माझा हात दुखायचा, बाई," म्हणाल्या. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी आईंनी विचारलं, "मंजी ती मुद्दाम करीत नव्हती व्हय?"

"नाही आजी. तिलाही कळत नसणार, असं का होतं ते."

येताना रिक्षात त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या, "मुद्दाम न्हवतं." घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या. मी जेवायला उठवलं नाही.

आता आम्ही तिला एका वेळी एकच काम सांगतो आणि तिच्याच तोंडून ते परत वदवून घेतो. अभ्यास थोडा थोडा, मध्ये अंगणात एक चक्कर. दप्तर संध्याकाळीच भरून दाराशी. गाडेकर बाईंनी तिला पहिल्या बाकावर घेतलं. चुकली की त्या ओरडत नाहीत, बाकावर नुसतं बोट टेकवतात. औषधाचं पुढे बघू, असं डॉक्टर म्हणाल्या. त्या येतात त्या दिवशी अशा मुलांचे आईबाप एकत्र बसतात. राहुरीचे एक गृहस्थ बोलता बोलता रडले, आणि मला वाटलं, एवढे दिवस आपण एकटेच आहोत असं का समजत होतो? चमत्कार काही झालेला नाही. परवाच नवा कंपास हरवून आली. पण पोट दुखायचं थांबलं आहे.

मनू, आता जे आपण कधीच बोललो नाही ते लिहिते. प्रज्ञा दोन वर्षांची होती, तुझं लग्न व्हायचं होतं. मी दळण आणायला गेले होते. तू तिच्या अंघोळीसाठी बंबातलं कढत पाणी बादलीत काढलंस आणि विसणाला गार पाणी आणायला नळावर गेलीस. तिथे पोचेपर्यंत आपण कशाला आलो तेच तुझ्या डोक्यातून गेलं. तेवढ्यात प्रज्ञाने बादलीत हात घातला. किंकाळी ऐकून पहिली धावलीस तूच, तिला उचलून दवाखान्यात नेलंस तूच. पण घरी आल्यावर आई म्हणाल्या, "हिच्या हाती पुन्यांदा लेकरू द्यायचं न्हाई." त्या रागात बोलल्या आणि तू ते कायमचं धरून बसलीस. माहेरी येतेस ती दुपारच्या गाडीने परत जायलाच. प्रज्ञा जवळ आली की तुला काहीतरी काम आठवतं. सहादेवराव दादांना म्हणाले, तू शेजारणीचं तान्हंसुद्धा घेत नाहीस.

परवा कुरडया वाळत घालताना आई मला म्हणाल्या, "सुट्टीत पोरीला मनीकडं धाड." मी म्हटलं, मनूकडे का? तर म्हणतात, "आपल्याला डाक्टरनं सांगून कळलं. मनीनं सोसलंय. पोर तिलाच उमगंल."

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी तुझे दादा प्रज्ञाला घेऊन तुझ्या सासरी शेंडीला येतील आणि तिला महिनाभर तुझ्यापाशी ठेवून परत फिरतील. मला भीती वाटत नाही असं खोटं लिहिणार नाही. गावाजवळच्या धरणाकडे जाताना सहादेवरावांना बरोबर घ्या, आणि तुमच्या चहाच्या दुकानातल्या चुलीशी तिला एकटी सोडू नका. एवढं सांगून मी गप्प बसते. हातावरचा डाग कशाचा ते मी तिला सगळं खरं सांगितलं. तिने डागावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आत्या विसरली असंल. मी पण विसरते." मग तिने मला विचारलं, "आत्याला पण शाळेत सगळे हसायचे का? मग ती काय करायची?" याचं उत्तर आत्यालाच विचार म्हटलं, मनू. ते तू दे.

तुझ्यावर विसंबून,
तुझीच,
यशोधरा वहिनी