जांभळ्या लोकरीचे तंतू

प्रिय दादा,

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू हसून विषय बदलतोस, मग मीही हसते आणि राग तसाच राहतो. या वेळी मला हसायचं नाही. हे पत्र बसून, पूर्ण वाच.

माझं काम तुला ठाऊक आहे, तरी सांगते, कारण तू त्याला ‘कचरा मोजणं’ म्हणतोस. कामगाराच्या कॉलरला छोटा पंप लावतात. तो दिवसभर त्याच्या नाकाजवळची हवा ओढतो आणि हवेतले तंतू आतल्या बटणाएवढ्या फिल्टरवर बसतात. मी ते मायक्रोस्कोपखाली एकेक करून मोजते. गेल्या वर्षी तुमच्या कारखान्यातून एक फिल्टर आला. त्यावर नाव नसतं, नुसता नंबर. भट्ट्यांना गुंडाळायची काचतंतूंची पांघरुणं तुम्ही दिवसभर कापता, आणि फिल्टरवर काचेचा तंतू औषधालाही नाही. होती ती लोकर. जांभळी. दोन रंग एकत्र उकळून मी केलेला तो जांभळा बाजारात कुठे मिळत नाही. तुझ्या स्वेटरसाठी केला होता.

माझा मुकादम भाऊ पंप कपाटात, स्वेटरशेजारी टांगून कामाला गेला होता. विचारलं तर म्हणालास, साहेबांनीच सुचवलं. आकडा वाढला असता तर विभाग बंद पडला असता, साठ माणसं घरी बसली असती. केवढी ती माणसांची काळजी! माझ्या डोळ्यांत धूळ फेकणारे पुष्कळ भेटले, पण धूळ लपवून ती फेकणारा तूच पहिला.

आणि मी काय केलं? तो नमुना रद्द करायला हवा होता. तुझी नोकरी जाईल म्हणून मूग गिळून गप्प बसले, अहवालात ‘तंतू मर्यादेत’ असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. माझा निम्मा राग माझ्यावरच आहे. म्हणून तुझा वाटा कमी झाला असं समजू नकोस. हल्ली जिना चढताना तू मध्येच थांबतोस आणि नाडी बांधायला वाकल्याचं सोंग करतोस. दादा, तुझ्या बुटांना नाडीच नाही.

काल तुझ्या लेकीचा फोन आला. सोमवारपासून ती तुझ्याच विभागात पांघरुणं कापायला लागतेय म्हणे. नको जाऊस म्हटलं, तर तिने कारण विचारलं. तो अहवाल अजून तिथे भिंतीवर लावलाय. ती म्हणाली, “आत्या, खाली तुझीच तर सही आहे, मग कशाला घाबरायचं?” आज सकाळी मी अहवाल रद्द केला आणि का केला तेही स्वतःच्या नावानिशी लिहून दिलं. माझं काय व्हायचं ते होवो. सोमवारी नवी चाचणी आहे. पंप मी तुझ्या कॉलरला लावणार आणि आठ तास समोर बसणार. लेकीला मी काहीच सांगितलेलं नाही. रविवारी तुम्ही दोघं घरी असाल. पंप कुठे होता, ते तुझ्या तोंडून तिला सांग.

तुझीच, अजून रागातच असलेली,
धाकटी